मी फक्त डोळे पाहिले

मी एक जुनी विजेरी आहे. तुम्ही मला बॅटरी म्हणत असाल. म्हणा, मला दोन्ही नावं चालतात. माझं अंग पितळेचं, वरून चकचकीत मुलामा होता, तो आता जागोजागी उडाला आहे. काचेला एक तडा आहे. पोटात दोन सेल मावतात, पण गेली कित्येक वर्षं तिथं कुणी काही घातलेलं नाही. मित्रांनो, माझ्या जातीच्या इतर विजेऱ्या अंधारात वाट दाखवतात. माझं काम तसं नव्हतं. मी भर दिवसा पेटायची, आणि तेही माणसांच्या डोळ्यांत.

माझा जन्म कोलंबोतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. ज्या मुलीनं मला जोडलं तिनं एकदाच माझी कळ दाबली, उजेड स्वतःच्या तळहातावर पाडून पाहिला आणि मला खोक्यात टाकलं. ते खोकं आगगाडीनं उत्तरेला, कोरड्या मुलखात आलं. तिथं तलावांखाली भातशेती आहे आणि उंचवट्यांवर मिरची-कांदा. बाजारातल्या एका दुकानातून मला अप्पुहामी नावाच्या म्हाताऱ्यानं घेतलं. कालव्याची दारं उघडायची-लावायची हे त्याचं काम. त्याची लेक यसवती परिचारिका होऊन तलावकाठच्या छोट्या इस्पितळात रुजू होणार होती.

"घे गं," तो तिला म्हणाला. "इस्पितळात साप-विंचू फार म्हणतात."

"तात्ता, साप शेतात असतात. इस्पितळात साप चावलेली माणसं असतात."

"मग त्यांना बघायला तरी उजेड लागेलच की!"

यसवती हसली आणि मला तिनं पांढऱ्या झग्याच्या खिशात टाकलं. त्या खिशात मी एकोणीस वर्षं राहिले.

इस्पितळ म्हणजे दोन लांब खोल्या. एक बायकांची, एक पुरुषांची. मधे ओसरी, आणि ओसरीच्या टोकाला डॉक्टर मुनवीरांचं टेबल. डॉक्टर काटकुळे होते. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. फवारणीचे दिवस सुरू झाले की आमच्याकडे जी माणसं यायची, त्यांच्याबद्दल त्यांनी यसवतीला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

"हे विष माणसाला आतून ओलं करतं," ते म्हणाले. "लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणी, छातीत पाणी. कातडीखाली स्नायू उडतात, पाण्यात मासोळ्या उडाव्यात तसे. नाडी मंदावते. आणि डोळ्यातली बाहुली बघ. ती खसखशीच्या दाण्याएवढी होते. एवढं दिसलं की तपासणीचे कागद यायची वाट बघत बसू नकोस."

बाहुली बघायला उजेड लागतो. उजेड माझ्याकडे होता. अशी मी कामाला लागले.

एक प्रसंग सांगते. सकाळी दहाच्या सुमाराला दोन चाकी ट्रॅक्टरच्या मागच्या गाड्यात घालून सुगतदास नावाच्या माणसाला आणलं. बरोबर त्याचा थोरला भाऊ होता, आणि तो रागानं लाल झाला होता.

"दिवस उगवल्या उगवल्या ढोसलीय यानं, मिस. मिरचीच्या वाफ्यात लोळत होता. लाळ बघा कशी गळतेय! घराण्याची लाज घालवली."

आमच्याकडं डिंगिरी अम्मा नावाच्या मदतनीस बाई होत्या. त्यांनी नाक मुरडलं. "पडू दे ओसरीवर. उतरली की जाईल आपल्या पायांनी घरी."

यसवती वाकली. तिनं त्याच्या शर्टाचा वास घेतला आणि मला बाहेर काढलं. मी त्याच्या डोळ्यांत शिरले. काळ्याभोर बुबुळाच्या मधोमध टाचणीनं टोचल्यासारखा एक ठिपका. उजेडानं तो आणखी लहान व्हायला जागाच नव्हती.

"हा प्यायलेला नाही," यसवती भावाला म्हणाली. "आज शेतात काय मारलंत?"

"मिरचीवर औषध. पाठीवरचा पंप जरा गळत होता, पण…"

मग धावपळ झाली. यसवतीनं हातमोजे चढवले, कात्रीनं त्याचे कपडे कापून लांब टाकले. डिंगिरी अम्मांनी साबण आणि बादल्या आणल्या. डॉक्टरांनी ॲट्रोपिनचं इंजेक्शन शिरेत दिलं, पाच मिनिटांनी छातीला नळी लावून ऐकलं, मान हलवली आणि मात्रा दुप्पट केली. पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा दुप्पट. दुपार व्हायच्या आत छातीतली खरखर थांबली. सुगतदासानं डोळे उघडून पहिलं विचारलं, "माझा शर्ट कुठाय?" आणि मघाशी शिव्या देणारा तो थोरला भाऊ ओसरीच्या खांबाला धरून हुंदके देऊन रडला.

मित्रांनो, त्यानंतर माझं नाव झालं. तलावाभोवतालच्या गावांत लोक म्हणायचे, "यसवती मिसची बॅटरी खोटं बोलत नाही." शेजारच्या इस्पितळातल्या मुली मला बघायला यायच्या. माझ्या अंगात वारं शिरलं, हे कबूल केलं पाहिजे. डॉक्टर एकदा यसवतीला म्हणाले होते, "बाहुली मोठी झाली म्हणजे माणूस सुटला, असं समजू नकोस हं. छाती ऐकत जा." ते मला जरा लागलंच होतं. मनात आलं, इतक्यांना मी ओळखलं, आणि आता माझ्यावर हा अविश्वास?

आता बिसो मेणिकेबद्दल सांगते. सांगायचं टाळलं असतं, पण मग बाकीचं सगळं खोटं ठरेल.

बिसो मेणिके तिंबिरीवेव गावची. लव्हाळ्याच्या चटया विणायची आणि आठवड्याच्या बाजारात विकायची. चाळिशीची, अंगानं ठेंगणी, जिभेला धार. तिला खोकला होता म्हणून ती जेवणाआधी दोन चमचे अरिष्ट घ्यायची. वैद्याकडचं, तपकिरी बाटलीतलं. तुमच्या मराठीत अरिष्ट म्हणजे औषधही आणि संकटही. त्या दिवशी एकाच फळीवर दोन तपकिरी बाटल्या होत्या. तिचा नवरा रणबंडा कांद्याच्या वाफ्यावर मारायचं औषध आणायचा. त्याचा डबा गंजून गळायला लागला, म्हणून उरलेलं त्यानं रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. बिसोनं चमचा भरला, गिळला, दुसरा थुंकला.

शेजाऱ्याच्या गाडीतून तिला आणलं. रणबंडानं एक शहाणपण केलं होतं. बाटली फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली होती. "ही, मिस. हीच. बाटली मी भरली," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

यसवतीनं मला काढलं आणि ओळखायला आम्हाला श्वासाएवढाही वेळ लागला नाही. तोंडाला फेस, अंग घामानं निथळलेलं, बाहुली खसखशीएवढी. कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ ओढून काढली, अंग धुतलं, इंजेक्शन सुरू झालं. संध्याकाळपर्यंत तिची छाती कोरडी झाली होती. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "वाचली."

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि खोलीला खोली राहू दिली नाही. मी तिच्या डोळ्यांत शिरले तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "मिस, इतकं डोळ्यांत डोळे घालून माझ्या नवऱ्यानं लग्नाआधीसुद्धा बघितलं नव्हतं."

सगळ्या खाटा हसल्या. रणबंडा लाजून ओसरीवर गेला.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. डॉक्टर दर शुक्रवारी लस टोचायला लांबच्या गावी जात. सकाळी यसवती खाटांवरून फिरत बिसोकडे आली. ती आडवी होती.

"मिस, आज मान जड झालीय बघा. उशीवरून उचलतच नाही. रात्रीत माझं डोकं कुणी दगडाचं केलं की काय?"

"दगडाचं आधीपासूनच होतं," रणबंडा म्हणाला. "तुला आज कळलं."

बिसो हसली. यसवतीही हसली. मग तिनं मला काढलं, अंगठ्यानं बिसोची पापणी वर केली आणि माझी कळ दाबली. बाहुली गोल होती, मोकळी होती, उजेडानं नीट आक्रसली. कुठंही खसखस नव्हती.

"डोळे अगदी छान आहेत, बिसो अक्का. इतकी इंजेक्शनं झाली, त्याचा थकवा आहे. सोमवारी घरी जाल."

मित्रांनो, मी खोटं बोलले नव्हते. डोळे छानच होते. पण ती पापणी बिसोनं स्वतः उघडली नव्हती. यसवतीच्या अंगठ्यानं उघडली होती, आणि अंगठा काढताच ती पुन्हा अर्धी मिटली. हे मी अगदी जवळून पाहिलं. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, तिलाही नव्हता.

दहा वाजता डिंगिरी अम्मांनी पाल्याची हिरवी पेज आणली. दुसरा घोट बिसोच्या नाकातून आला.

"सावकाश गं बाई! पेज काय पळून चाललीय?" अम्मा म्हणाल्या आणि पदरानं तिचं तोंड पुसून वाटी उचलून घेऊन गेल्या. बिसो काहीतरी पुटपुटली. तिचा आवाज नाकातून येत होता. कालची ती खणखणीत जीभ त्यात नव्हती. पण वाक्य चेष्टेचंच असणार, असं सगळ्यांनी धरलं.

साडेअकराला यसवती खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका बाईच्या पायाची जखम बांधत होती. रणबंडा विहिरीवर बिसोची ओढणी धुवायला गेला होता. तो परत आला, ओढणी दोरीवर टाकायला वळला आणि थांबला. बिसोचे ओठ जांभळे झाले होते. छाती हलत नव्हती. फक्त पोट कुठंतरी किंचित थरथरत होतं.

"मिस! मिस, इकडं या!"

यसवती धावली. तिनं रबरी पिशवीचा मुखवटा बिसोच्या तोंडावर दाबला आणि हातानं श्वास द्यायला लागली. दाब, सोड. दाब, सोड. डिंगिरी अम्मांनी ऑक्सिजनची टाकी ओढत आणली. यसवतीनं मधेच माझी कळ दाबली. सकाळी माझ्याकडं पाहून हललेली ती बाहुली आता मोठी, स्थिर, रिकामी होती. मी तिच्यात शिरले आणि मला कुणी भेटलं नाही.

तरी यसवती थांबली नाही. कधी छाती दाबायची, कधी पिशवी. तासाभरानं डॉक्टरांची जीप आली. त्यांनी नाडी पाहिली, नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"यसवती, आता थांब."

दुपारी ते दोघं ओसरीवरच्या टेबलाशी बसले. डॉक्टरांनी सकाळपासूनचं सगळं विचारलं. मान, पेज, आवाज. मग खण उघडून एक घडी घातलेला कागद काढला. मोठ्या इस्पितळातून महिन्यापूर्वी आलेलं पत्रक होतं ते. त्यात लिहिलं होतं, की विष उतरल्यासारखं वाटतं, माणूस बोलतो, जेवतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी त्याचे स्नायू गळतात. आधी मान जाते, पापण्या मिटतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. त्या वेळी डोळ्यातली बाहुली काहीही सांगत नाही. वेळीच श्वास चालू ठेवला तर अशी माणसं वाचतात.

"मी हे वाचलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुला सांगायचं राहून गेलं. रोज उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत… तुला मी डोळे शिकवले आणि मान शिकवली नाही. चूक तुझी नाही."

"तिनं तोंडानं सांगितलं होतं, डॉक्टर महत्तया," यसवती म्हणाली. "शिकवायला कशाला लागतं? ती सांगत होती आणि मी हसले."

रणबंडा बाहेर अर्जुनाच्या झाडाखाली बसला होता. डिंगिरी अम्मा म्हणाल्या, "मिस, आता त्याला काही सांगू नका. विषानं गेली, एवढं पुरे आहे. त्यालाही आणि तुम्हालाही." पण यसवती गेली. मी तिच्या खिशात होते, म्हणून ऐकलं. तिनं काहीही लपवलं नाही. मान जड होणं म्हणजे काय, हे तिनं त्याला सांगितलं. सकाळीच कळलं असतं तर काय करता आलं असतं, तेही सांगितलं. त्यानं ओरडावं, मारायला धावावं, अशी तिची तयारी होती.

तो म्हणाला, "पहाटे मलाही म्हणाली होती. मी म्हटलं, उठायचा कंटाळा आलाय तुला." मग पुन्हा म्हणाला, "आणि बाटली मी भरली, मिस. तुम्ही नाही."

दोघंही रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

बिसोच्या नावानं भिक्खूंना द्यायचं सातव्या दिवसाचं दान झाल्यावर रणबंडा इस्पितळात आला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो यसवतीला म्हणाला, "ते कवटीचं चित्र असतं ना, मिस, विषाच्या डब्यावर? ते मला पुष्कळ द्या." यसवतीनं कोऱ्या कागदांवर हातानं कवट्या काढल्या. पाच-सहा डझन तरी असतील, आणि वाकड्यातिकड्या. तो खळीचा डबा घेऊन घरोघर फिरला आणि फळीवरच्या, माळ्यावरच्या बाटल्यांवर त्या चिकटवत गेला. त्याच गावच्या डिंगिरी अम्मांनी आम्हाला पुढचं सांगितलं. एका घरच्या बाईनं त्याला अंगणातूनच हाकललं. "स्वतःच्या बायकोला मारलंस आणि आता आम्हाला शिकवायला आलास?" तो म्हणाला, "होय, म्हणूनच आलो." बाईनं दार लावून घेतलं. तो उंबऱ्यावर दोन कवट्या ठेवून पुढच्या घरी गेला.

यसवती बदलली. ती हसायची, पण रुग्ण बोलत असताना हसत नव्हती. विषबाधेचा कुणीही आला की चार दिवस, रोज तीनदा, ती खाटेशी उभी राहून म्हणायची, "उशीवरून डोकं उचला बघू. मी दहा म्हणेपर्यंत धरून ठेवा." लोकांना त्याची गंमत वाटायची. पोरी तिला मागून मान-मिस म्हणायच्या. तिला ते कळत होतं.

दोन वर्षांनी फवारणीच्या औषधाची विषबाधा होऊन विमलधर्म नावाचा ट्रॅक्टरवाला आला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भाऊबंदांशी गप्पा मारत होता, सुपारी मागत होता. यसवतीनं मोजायला सुरुवात केली आणि तीनलाच त्याचं डोकं उशीवर पडलं. तिनं त्याला तोंडानं काही घेऊ दिलं नाही. रबरी पिशवी उशाशी आणली, डॉक्टरांना हाक मारली. मोठ्या इस्पितळाच्या वाटेवर, गाडीत, त्याचा श्वास खरोखरच थांबला, आणि उरलेली सगळी वाट यसवतीनं पिशवी दाबत काढली. तिथं तो बारा दिवस यंत्रावर होता. मग चालत घरी गेला. नंतर पिकलेल्या केळ्यांचा अख्खा घड घेऊन इस्पितळात आला होता.

त्याची मान पडली त्या दिवशी मला खिशातून कुणी काढलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

पुढं माझे दिवस फिरले. एका पावसाळ्यात माझ्या पोटातला सेल पाझरला आणि आतली पट्टी हिरवी पडून खराब झाली. यसवतीनं खूप घासली, पण मी पेटले नाही. तिनं लेखणीएवढी नवी विजेरी घेतली. मग मुली फोनचाच उजेड वापरायला लागल्या. मला कुणी फेकलं नाही, एवढंच. औषधांच्या खोलीतली एक खिडकी वाऱ्यानं आपटायची, तिच्या फटीत मला पाचर म्हणून बसवलं. अजूनही मी तिथंच आहे. तिथून ओसरी दिसते.

यसवती निवृत्त झाली, त्या दिवशी ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. खोबऱ्याचा भात होता, केळी होती, चहा होता. नव्या तरुण डॉक्टरीण बाईंनी भाषणात विचारलं, "मिस, तुमच्या हातून किती माणसं वाचली असतील हो?"

यसवती उठली. केस पिकले होते.

"वाचले त्यांची नावं मला आठवत नाहीत," ती म्हणाली. "एकीचं आठवतं. बिसो मेणिके. तिंबिरीवेवची. ती चटया विणायची. तुम्ही सगळ्यांनी हे नाव लिहून घ्या." आणि मुलींनी खरंच वह्या काढेपर्यंत ती बसली नाही.

मित्रांनो, मी धातूची वस्तू. मला मागण्याचा हक्क किती, ठाऊक नाही. तरी मागते. फवारणीचं औषध खाण्यापिण्याच्या बाटलीत कधी ओतू नका, एका दिवसासाठीही नाही. शेतात कुणी लाळ गाळत, घामेजून पडला तर त्याला दारुडा म्हणायच्या आधी त्याचे कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, स्वतःचे हात जपा. घशात बोटं घालून त्याला ओकायला लावू नका. डबा किंवा बाटली बरोबर घ्या आणि थेट इस्पितळ गाठा. इंजेक्शनं झाली, डोळे निवळले, माणूस बोलायला लागला, तरी त्याला चार दिवस तिथंच राहू द्या. आणि त्या चार दिवसांत तो उशीवर पडल्या पडल्या काही म्हणाला, अगदी हसत हसत जरी म्हणाला, तरी हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ जा आणि पुन्हा एकदा विचारा, "काय म्हणालात?"